साळवेबाईंची करंगळी

साळवेबाईंकडे काही विचारायला गेलं की आधी त्यांची पाठ भेटायची. कोपराशी विरलेला मरून स्वेटर, मानेवर घट्ट अंबाडा, आणि त्यापलीकडे काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांच्या ओळी. "बाई," म्हटलं तरी त्या वळायच्या नाहीत. डावा हात नुसता वर करायच्या. "थांब. ओळीच्या सुरुवातीला येते, मग बोल." कळा वाजायच्या, पडद्यावरचा लुकलुकणारा ठोकळा झटक्यात ओळीच्या डाव्या टोकाला जाऊन उभा राहायचा, आणि मग बाई खुर्चीसकट वळायच्या. समोर शिपाई असो की साहेब, ओळ अर्धवट सोडून त्या बोलत नसत.

ऐंशीच्या थोडं पुढची गोष्ट. चिंचवडला ट्रकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी शिकाऊ प्रोग्रामर म्हणून लागले होते. कंपनीत नवा कॉम्प्युटर आला होता. त्याला एक एसीची खोली होती, दाराबाहेर चपला काढाव्या लागत. आत गेलं की देवळात आल्यासारखं गार वाटायचं, पण भिंतीपलीकडच्या, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपचा दणका तळपायाला कळायचा. दोन पडदे, दोन कीबोर्ड. एकावर साळवेबाई, दुसऱ्यावर आम्ही बाकीचे आळीपाळीनं.

माझा पहिलाच दिवस. प्रोग्राममध्ये एका लांबलचक ओळीच्या शेवटी एक शब्द बदलायचा होता. मी दोन हातांनी दोन कळा दाबून धरल्या आणि ठोकळा एकेक अक्षर पुढे सरकताना बघत बसले.

शेजारून बाई म्हणाल्या, "कुठं निघालीस?"

"ओळीच्या शेवटी."

"चालत?"

त्या उठून माझ्यामागे आल्या, माझी डावी करंगळी धरली आणि कंट्रोल लिहिलेल्या कळेवर ठेवली. "ही इथून उचलायची नाही. आता एफ दाब." ठोकळ्यानं अख्खा शब्द ओलांडला. "परत दाब." अजून एक शब्द. "आता ए." एक शब्द मागे. "आणि थेट शेवटी जायचं असेल तर क्यू दाबून मग डी. बाई गं, एकेक अक्षर चालत बसलीस तर संध्याकाळची बस चुकेल तुझी."

त्या कीबोर्डावर बाणांच्या कळा नव्हत्याच. सगळा प्रवास कंट्रोल धरून अक्षरांवर चालायचा. बाईंनी आठवडाभरात तो माझ्या बोटांत उतरवला. शब्द ओलांडणं, पानभर खाली जाणं, हवा तो शब्द शोधून त्याच्यापाशी उभं राहणं. सगळ्यात शेवटी शिकवलं ते तुकडा धरणं. ज्या ओळी हलवायच्या किंवा पुसायच्या त्यांच्या आधी एक खूण, त्यांच्यानंतर एक खूण, मग तो तुकडा उचलून दुसरीकडे ठेवायचा किंवा पुसून टाकायचा. पुसण्याची कळ शिकवताना त्यांनी माझा हात मधेच धरून ठेवला. "दोन्ही खुणा डोळ्यांनी बघितल्याशिवाय ही दाबायची नाही. पुसलेलं परत येत नाही यात."

त्यांची स्वतःची डावी करंगळी कंट्रोलच्या कळेमुळे जराशी बाहेर वळलेली होती. पिंपरीपर्यंत आम्ही एकाच बसनं जायचो. बसमध्ये डब्याची पिशवी मांडीवर घेऊन त्या खिडकीबाहेर बघत असायच्या आणि करंगळी पिशवीच्या बंदावर दाबली जायची, सुटायची, दाबली जायची. मी एकदा ते दाखवलं. बाई स्वतःच्या हाताकडे बघून हसल्या. त्या किती कमी हसतात, हे मला त्या हसण्यामुळेच कळलं.

जेवायच्या सुट्टीत आम्ही सगळे कँटीनला जायचो. बाई यायच्या नाहीत. एसीच्या खोलीबाहेर व्हरांड्यात एक मोडकं टेबल होतं, त्यावर डबा उघडून खिडकीकडे तोंड करून एकट्या जेवायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "इथं जरा हवा येते." तिथं काडीची हवा येत नव्हती. त्या खिडकीतून अंगणापलीकडचं पंच रूमचं दार दिसायचं, एवढंच.

पंच रूम म्हणजे साळवेबाईंची जुनी जागा. कॉम्प्युटर यायच्या आधी कंपनीचा हिशेब पुण्याच्या एका मोठ्या मशीनवर व्हायचा. इथल्या मुली पुठ्ठ्याच्या कार्डांवर यंत्रानं भोकं पाडायच्या, एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ, आणि कार्डांचे गठ्ठे कंपनीच्या गाडीतून पुण्याला जायचे. ओळ चुकली तर ते कार्ड फेकून नवं पाडायचं. त्या खोलीत यंत्रांचा असा कडकडाट असायचा की मुली एकमेकींशी ओरडूनच बोलायच्या, आणि ती सवय बसस्टॉपवरही जायची नाही. वाया गेलेल्या कार्डांच्या होड्या करून घरी पोरांना न्यायच्या.

साळवेबाई तिथं कित्येक वर्षं होत्या. त्यांच्या शेजारच्या यंत्रावर विमल थोरात. विमल मावळातली, तळेगावहून लोकलनं यायची. ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज, आणि यंत्रावर हात असा की आम्हा नव्यांनाही त्याच्या गोष्टी सांगायचे. दोघींचा डबा एक होता. म्हणजे डबे दोन, पण आपला डबा कोणी उघडायची नाही, दुसरीचा उघडायची. हे मला कँटीनमधल्या मावशींनी सांगितलं. मी आले तोवर ते सगळं संपलेलं होतं.

झालं होतं असं. नवं मशीन आलं तेव्हा विभागाचे पानसे साहेब पंच रूममध्ये येऊन म्हणाले, की तुमच्यापैकी एकीनं हे नवं शिकायचं आहे. सगळ्या घाबरल्या. विमलनं साळवेबाईंना पुढं ढकललं. "तू जा. तू शिक, मग आमाला शिकव." आणि बाई गेल्या.

आत गेल्यावर त्यांना काय दिसलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पडद्याकडे बघत. "आम्ही सगळ्या जणी मिळून दिवसभर जे करायचो ना माधुरी, चुकलेली ओळ काढा, नवी घाला, ते इथं दोन कळांत होतं. पहिल्याच दिवशी कळलं मला, ती खोली आता राहत नाही."

म्हणून त्या पानसे साहेबांच्या मागे लागल्या. एकदा मी तिथंच होते. "साहेब, जेवणाच्या सुट्टीत मशीन रिकामंच असतं. विमलला आणि बाकीच्यांना बसवू का? मी शिकवते."

पानसे साहेब माणूस वाईट नव्हते. वरून आलेलं खाली देणं, एवढंच त्यांना जमायचं. ते म्हणाले, "बाई, पडदे दोन. त्यावर माणसं आत्ताच जास्त झालीत. त्यांना शिकवून बसवू कुठं?"

"शिकू तरी देत."

"शिकल्या की मागतील. वरचे मला विचारतील. तुम्ही तुमचं बघा ना."

बाई परत आपल्या जागी आल्या आणि पुढची ओळ टाइप करायला लागल्या. नंतरही त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तर तेच आलं होतं.

पंच रूमला यातलं काही कळलं नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिथल्या मुलींच्या नजरेत साळवेबाई आत गेल्या, गार हवेत बसल्या आणि दार लावून घेतलं. वाटेत भेटल्या तर त्या गप्प व्हायच्या. विमल बाईंना 'तुम्ही' म्हणायला लागली होती.

बुद्धपौर्णिमेला बाईंनी मला घरी खिरीला बोलावलं. पिंपरीत दोन खोल्या, दारात तुळस नाही पण जाईचा वेल, कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, समोर मेणबत्त्या. वडील कारखान्यातच खपले होते. भाऊ लग्न करून थेरगावला वेगळा राहत होता. घरात बाई आणि आई. आईला कमी ऐकू यायचं, म्हणून घरात बोलणंच कमी. मी कंपनीतली म्हटल्यावर आई माझ्याजवळ सरकून बसल्या.

"विमल बरी हाय का?"

मी बाईंकडे बघितलं. त्या वाटीत खीर वाढत होत्या.

"बऱ्या आहेत," मी म्हणाले.

"तळेगावची गाडी बंद पडली का हितंच राहायची. माझ्याशेजारी निजायची. पाय चेपून द्यायची, नको म्हटलं तरी. आता का येत न्हाई?"

"तिला काम वाढलंय, आई," साळवेबाई मोठ्यानं म्हणाल्या. एवढ्या मोठ्यानं की आईंनाही ते जरा जास्त वाटलं असावं. त्या खीर खायला लागल्या.

मग पावसाळा आला, आणि श्रावणात तो दिवस आला.

हजेरीचा प्रोग्राम बाईंकडे होता. साऱ्या कारखान्याची हजेरी, कोण कुठल्या शिफ्टला होतं, कोणाचा ओव्हरटाइम, सगळं त्यातून निघायचं. त्यातल्या काही जुन्या ओळी काढायच्या होत्या. बाईंनी वरची खूण केली आणि तेवढ्यात पानसे साहेबांचा निरोप आला, लगेच या. त्या दिवशी बाई तशाच उठून गेल्या.

परत आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून पंच रूम बंद. सगळ्या पॅकिंगला." आणि कामाला लागल्या. मी माझ्या पडद्याकडे वळले. त्यांच्या कळा वाजत होत्या, नेहमीच्याच वेगानं. शेवटची खूण त्यांनी केली ती, नंतर कळलं, भलत्याच ठिकाणी, पार खालच्या भागात. पुसण्याची कळ दाबली. साठवलं. पुढं काही दुरुस्त केलं, परत साठवलं. पहिल्यांदा साठवल्यावर जुनी प्रत बाजूला राहायची, दुसऱ्यांदा साठवलं की तीही जायची.

मग कळांचा आवाज थांबला. मी बघितलं तर बाई पडदा वर नेत होत्या, खाली आणत होत्या.

"गेलं," त्या म्हणाल्या.

जादा प्रत ठेवलेली फ्लॉपी कपाटात होती. ती काढली तर तिच्यावर पावसाळ्यानं बुरशी धरली होती. मशीन नुसतं खरखरलं आणि काही वाचता आलं नाही. छापील प्रत मुंबईच्या ऑफिसात गेलेली. परवा हजेरी निघायला हवी होती.

मी हळूच म्हणाले, "बाई, मूळची कार्डं असतील ना?"

त्यांना ते माझ्या आधीच सुचलं असणार. त्यांनी फ्लॉपी परत कपाटात ठेवली. मग उठल्या, दाराबाहेर येऊन चपला घातल्या आणि भिजत अंगण ओलांडलं. मी मागोमाग गेले. जावं की नाही कळत नव्हतं, पण गेले.

आम्ही दारात उभ्या राहिलो तशी एकेक यंत्र थांबलं. ती खोली मी प्रथमच शांत ऐकली. निरोप त्यांनाही पोचलेला होता, हे चेहऱ्यांवरून कळत होतं.

"विमल, हजेरीच्या प्रोग्रामची कार्डं पाहिजेत."

विमल उठली नाही. "कशाला? तुमच्या मशिनीत समदं हाय न्हवं?"

"माझ्या हातून पुसलं गेलं."

मागे एक पोरगी फिस्सकन हसली. विमलनं वळून तिच्याकडे बघितलं तशी ती गप्प झाली.

"तुज्या हातनं?" विमल म्हणाली.

"हो."

विमल उठली. कमरेची किल्ली काढून तिनं लोखंडी कपाट उघडलं. गठ्ठे सगळे जागच्या जागी होते, रबरानं बांधलेले, क्रम चुकू नये म्हणून वरच्या कडेवर पेन्सिलीची तिरकी रेघ ओढलेले. तिनं हवे ते काढले, पदराखाली घेतले आणि म्हणाली, "एकटीच वाचशील आन् एकटीच टायपशील व्हय? चल."

त्या दुपारी विमल थोरात पहिल्यांदा एसीच्या खोलीत आली. मी तिला माझी खुर्ची दिली आणि मागे स्टुलावर बसले. कार्डाच्या वरच्या कडेला ती ओळ बारीक, पुसट अक्षरांत छापलेली असायची. विमल एकेक कार्ड उजेडाकडे धरून वाचायची आणि बाई टाइप करायच्या.

"मूव्ह झीरो टू टोटल. फुलस्टॉप."

"हं."

"परफॉर्म शिफ्ट चेक. फुलस्टॉप."

"हं."

वाचणं आणि कळा यांची अशी लय लागली की मध्ये पानसे साहेब दारात आले, बघत उभे राहिले आणि परत गेले. एसीत विमल कुडकुडायला लागली. बाईंनी एक हात न थांबवता अंगातला स्वेटर अर्धा काढला, मग दुसरा हात, आणि तिच्या मांडीवर टाकला. विमलनं तो खांद्यावर घेतला आणि पुढचं कार्ड उचललं.

एका ठिकाणी विमल म्हणाली, "थांब. चुकलीस. दोन शब्द मागं."

बाईंनी करंगळी दाबून टक टक केलं, ठोकळा दोन शब्द मागे गेला.

"आँ? ह्ये कसं गं केलंस?"

बाईंनी तिचा हात धरला. जसा माझा धरला होता तसाच. "करंगळी इथं ठेव. आता हे दाब."

विमलनं दाबलं. ठोकळा शब्द ओलांडून गेला. तिनं परत दाबलं, परत दाबलं, ओळीच्या शेवटापर्यंत गेली आणि मोठ्यानं हसली, पंच रूममध्ये हसायची तसं. "आगं बया, टुणटुण उड्या मारतंय की!" मग मागे नेलं, पुढे नेलं. यंत्रावर वर्षानुवर्षं बसलेली बोटं होती ती. दोन मिनिटांत तिला बघायला लागेना.

"ह्ये समदं शिकाया किती दिस लागत्यात?"

"तुला? चार दिवस. फार तर."

एसीची घरघर ऐकू यायला लागली. विमलनं कीबोर्डवरून हात काढून घेतला, मांडीवर ठेवला, आणि कार्ड उचललं. "घे. पुढचं."

दिवेलागणीच्या आत सगळं उतरवून झालं. बाईंनी प्रोग्राम चालवून बघितला, चालला. विमलनं कार्डं परत क्रमानं लावली, रबर बांधलं, स्वेटर घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. दाराबाहेर चपला घालत असताना बाई तिच्यामागे गेल्या.

"विमल, मी साहेबांना विचारलं होतं. तुम्हा सगळ्यांसाठी. परत परत विचारलं."

"ठावं हाय मला. शिपाई सांगत हुता."

"मग?"

"मग काय? त्यो न्हाई म्हनला, त्याला तू काय करनार. पर येऊन सांगायचं हुतंस की आमाला. आमी काय तुला खाल्ली असती? इतकं दिस त्या खिडकीत बसून एकटी जेवलीस. आमाला दिसत न्हवतं व्हय?" तिचा आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली आला होता की तो तिचा वाटत नव्हता. "जाते. गाडी हाय माझी."

ती अंगणातून पावसात गेली. बाई चौकटीला धरून उभ्या होत्या. मी शेजारी होते म्हणून माझ्याशी बोलल्या, नाहीतर भिंतीशी बोलल्या असत्या. "मला वाटायचं, साहेब हो म्हणाले की जाईन. शिकवायला या म्हणून बोलवायलाच जाईन. रिकाम्या हातानं कशी जाणार होते?"

पुढच्या महिन्यात पंच रूमला कुलूप लागलं. मुली पॅकिंगला गेल्या. उभ्यानं काम, शिफ्ट बदलती. विमलचे गुडघे धरले आणि दिवाळी झाल्यावर तिनं नोकरी सोडली. बाईंना त्याच सुमारास बढती मिळाली. आईंनी घरी केलेले पेढे पाठवले. ते त्यांनी आमच्या हातात दिले, साहेबांना दिले, आणि पॅकिंगला शिपायाकरवी पाठवले. मी म्हणाले, "बाई, तुम्हीच जा ना." त्या "हो, जाते," म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या. विमलनं पेढा घेतला का, हे त्यांनी शिपायाला विचारलं नाही. शिपायानंही सांगितलं नाही.

त्यानंतर जेवायला मी त्यांच्यासोबत बसू लागले. आम्ही डबे उघडायचो, आपापले. त्या माझ्या आईची चौकशी करायच्या, माझं स्थळ कुठवर आलं विचारायच्या. स्वतःबद्दल बोलत नसत. मी समोर असूनही टेबलावर त्या एकट्याच जेवतायत असं मला पुष्कळदा वाटायचं.

लग्न झाल्यावर मी नोकरी सोडली आणि पुण्याला गेले. माहेरी येणं व्हायचं. काही वर्षांनी अशीच एका रविवारी परत निघाले होते. चिंचवड स्टेशनवर पुण्याकडच्या गाडीची वाट बघत उभी होते, तर समोरच्या फलाटावर, लोणावळ्याकडच्या बाजूला, बाकावर साळवेबाई. नवी करकरीत साडी, केसांत अबोलीचा गजरा, मांडीवर कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. पहिल्यांदा ओळखलंच नाही मी. मग मोठ्यानं हाक मारली.

त्यांनी इकडे तिकडे बघितलं, मी दिसले तशा उभ्या राहिल्या.

"कुठं निघालात, बाई?" मी रुळांवरून ओरडले.

"तळेगावला. विमलला नात झालीय म्हणे."

"तिनं बोलावलंय?"

त्यांनी मान हलवली, नाही. मग पिशवी जराशी वर करून दाखवली. "बाळाला झबलं घेतलंय."

तेवढ्यात त्यांची गाडी आली आणि आमच्यामध्ये उभी राहिली. रविवार, गर्दी नव्हती. डब्यांच्या खिडक्यांतून मी त्यांना शोधत होते, त्या कुठल्या डब्यात चढतात ते बघत होते. शिट्टी झाली, गाडी हलली, शेवटचा डबा गेला.

बाई बाकावर बसलेल्या होत्या. पिशवी तशीच मांडीवर.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जराशा हसल्या आणि म्हणाल्या, "जाईन. पुढच्या गाडीनं जाईन."

"कधी आहे पुढची?"

"आहे तासाभरानं."

मग माझी गाडी आली. मी चढून पलीकडच्या खिडकीशी धावले. बाई बाकावरून उठल्या होत्या. रिकाम्या फलाटाच्या अगदी कडेला येऊन, पदर खोचून, पुण्याच्या दिशेला, जिकडून गाडी यायची तिकडे वाकून बघत होत्या. माझी गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.